आईला चालेल असा दिवा

बेंगळूर, १८ नोव्हेंबर २०२४

नीरजा,

मोठ्या भावाने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात, तेव्हा ते लिहिले आहेत असं समज. तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून एकाच गावात राहून टपालाचं तिकीट चिकटवायची पाळी माझ्यावर आली. चिकपेटहून बेळ्ळंदूरला पत्र पोचायला आठवडा लागला तरी माझी तक्रार नाही. मी स्वतः निघालो असतो तरी तुमच्या त्या रिंग रोडवर तेवढाच वेळ गेला असता.

आई उत्तम आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

विषय तुझ्या दिव्यांचा आहे. पाडव्याला तू आणि रविकिरण खोकंभर एलईडी बल्ब घेऊन आलात. जावईबापू आल्या आल्या स्टुलावर चढले आणि घरातले सगळे पिवळे बल्ब काढून हे पांढरे लावून मोकळे झाले. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला माझा जन्म गेला, बल्ब मलाही बदलता येतो. पण जावयाला स्टुलावरून खाली उतर म्हणायची आपल्यात पद्धत नाही. मग जेवताना तू आईच्या विसरण्याचा विषय काढलास. डॉक्टर, तपासण्या, आणि शेवटी तुमच्या सोसायटीजवळचं ते म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारं घर. त्यावर मी काय बोललो आणि ताटावरून कसा उठलो ते तुला पाठ असेल. त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. आईचं वय झालंय, म्हणून ती विसरते. तेवढ्यासाठी कोणी आईला घराबाहेर काढत नाही.

दिव्यांचं असं झालंय, की त्यांचा उजेड नुसता खाली पडतो. बल्बचा वरचा अर्धा भाग प्लास्टिकचा, त्यातून काही बाहेर येत नाही. आपल्याकडे बल्ब छतापासून लोंबतात. त्यामुळे खाली जमिनीवर मुंगी दिसते आणि वरची सगळी भिंत काळी. बाबांचा फोटो त्याच भिंतीवर आहे. आईने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ह्यांचा फोटो कुणी काढला रे?" मी टॉर्च मारून दाखवला, तेव्हा तिला पटलं.

आणि हा रंग. बाबा गेले त्या वॉर्डात असाच पांढरा उजेड होता. तिथून आल्यावर आईने घरात एक ट्यूबसुद्धा लावू दिली नाही, हे तुला माहीत होतं. परवा संध्याकाळी दिवे लावल्यावर ती मला म्हणाली, "गुंडू, घरी कवा जायचं?" मी हसण्यावारी नेलं. एकदाच म्हणाली, तू लगेच त्याचा डोंगर करू नकोस.

अण्णा


बेंगळूर, ९ डिसेंबर

नीरजा,

तुझं पाकीट मिळालं. आत डॉक्टरांचं कार्ड आणि एका ओळीची चिठ्ठी, 'बल्ब बदल, पण आईला दाखव.' पत्राला चिठ्ठीने उत्तर द्यायला तू कुठे शिकलीस? कार्ड देव्हाऱ्याखालच्या खणात टाकलं आहे.

बल्ब मात्र बदलले. तुझे काढून चिकपेटातून पिवळसर उजेडाचे एलईडी आणले. पहिली खेप फुकट गेली. खोक्यावर बल्ब दिसतो तसा असतो, बूड कसलं आहे ते मी पाहिलं नाही. घरी येऊन बघतो तर सगळे आट्यांचे, आणि आपले होल्डर बाबांच्या काळातले, खाचेत अडकवायचे. दुकानदार हसला. मीही हसलो असतो, पण घरी आई पिशवी भरून बसली होती.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं. ती रोज पिशवी भरते. दिवे लागले की उठते, त्या हिरव्या कापडी पिशवीत साडी, टॉवेल, बाबांचा चष्मा घालते आणि दाराशी येऊन बसते. "चल की गुंडू. भेटायची वेळ सरली. नर्सबाई वरडत्यात." मी म्हणतो, आई, हेच घर आहे. ती मान डोलावते. लहान मूल काही समजावू लागलं की मोठी माणसं जशी मान डोलावतात, तशी. मग मी घरातले सगळे दिवे बंद करून देवापुढची समई तेवढी लावतो. तेव्हा ती सावकाश आत येते आणि जेवते. आम्ही दोघं समईच्या उजेडात जेवतो. मला ताटातलं काही दिसत नाही, पण ती जेवते.

म्हणजे दोष कोणाचा ते तूच सांग. दिवसा ती बरी असते. येल्लव्वाला विचार. खालच्या घरातली ती बाई मी ड्यूटीवर असताना आईपाशी येऊन बसते. तिच्याशी आई गोकाकपासून निपाणीपर्यंतच्या सगळ्या गप्पा मारते. घोटाळा होतो तो दिवे लागल्यावर.

पिवळे लावल्यावर थोडा फरक पडला. पण बाबांच्या खोलीत बाबांनीच बसवलेला तो फिरवायचा रेग्युलेटर आहे ना, उजेड कमीजास्त करायचा, त्याच्यावर एलईडी नीट चालत नाही. सारखा फडफडतो. आई डोळ्यांवर पदर घेऊन बसली. तो रेग्युलेटर काढून साधं बटण बसवलं. काढताना जिवावर आलं.

आणि मोरीतला बल्ब तर बंद केला तरी पूर्ण विझत नाही. मिणमिणत राहतो. हा भुताटकीचा प्रकार नाही. जुन्या वायरिंगमध्ये कोणीतरी बटण फेजवर न ठेवता न्यूट्रलवर ठेवलंय, म्हणजे बटण बंद केलं तरी वीज बल्बपर्यंत जातेच. जुन्या बल्बला ते कळत नव्हतं, एलईडीला एवढासा करंटही पुरतो. मला टेस्टर लावल्यावर कळलं. पण आईला कोण सांगणार? ती बटण दाबते, परत दाबते, परत दाबते. आत कोणीतरी आहे म्हणते आणि दाराबाहेर उभी राहते. आत असलेला माणूस बाहेर येईपर्यंत मोरीत जात नाही. त्याचा परिणाम काय होतो ते लिहीत नाही, तू समज.

रविवारी सगळ्या घराचं वायरिंग उघडतो.

अण्णा


बेंगळूर, संक्रांत

नीरजा,

सोबत तिळगूळ आहे. आईने केलेला नाही, विकतचा आहे. गोड बोल असं म्हणायचा आजचा दिवस, पण तू मुळात बोलतच नाहीस, तेव्हा नुसता खा.

वायरिंग झालं. बटणं सगळी फेजवर घेतली. मोरीतला बल्ब आता बंद केला की बंद होतो. बैठकीतल्या काचेच्या घुमटात लावलेला मात्र महिन्याभरात मेला. चारी बाजूंनी बंद घुमट, आत ऊब साचते आणि एलईडीला ऊब सोसत नाही. घुमट काढून ठेवला. आता तो बल्ब उघडा लोंबतो आणि सरळ डोळ्यांत जातो. आईचे मोतीबिंदू काढलेले डोळे, तिला तो टोचतो. त्यावर मी कागदाची टोपी केली. टोपीने वरची भिंत पुन्हा काळी पडली. एक निस्तरावं तर दुसरं वाढून ठेवलेलं.

घरात सारखा स्टुलावर मी आणि खाली आई, हेच चित्र आहे. ती खालून बघत असते. कधी स्टूल धरते.

इथे पत्र संपवलं होतं. पाकीट चिकटवलंही होतं, पण ते फाडून पुढचं लिहितो आहे. येल्लव्वा म्हणाली, लेकीपासून हे लपवायचं नसतं अण्णा.

गेल्या गुरुवारी मला कारखान्यातून यायला उशीर झाला. येल्लव्वा पाणी भरायला खाली गेली तेवढ्यात आई पिशवी घेऊन निघाली. मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेली आणि तिथून रिक्षा केली. मी गल्लीत शिरतो तर आपल्याच दारात रिक्षा उभी आणि आत आई. रिक्षावाला वैतागलेला. म्हणाला, "अज्जी इदे अड्रेस हेळिदारे सार, इळियल्ल अंतारे." आजीने हाच पत्ता सांगितला, पण आता उतरत नाही म्हणते.

नीरजा, तिने पत्ता बरोबर सांगितला होता. गल्ली, घर नंबर, मारुतीच्या देवळाची खूण, सगळं. आणि रिक्षा दारात येऊन थांबल्यावर वर जिन्यात तुझा तो पांढरा बल्ब जळत होता. जिन्यातला बदलायचा माझ्याकडून राहून गेला होता. ती तो बघून म्हणाली, "हितं नको, हितनंच तर निघाले मी. माझ्या घरी सोड." मी तिला हाताला धरून उतरवलं. ती रडली. रस्त्यावर माणसं बघत होती आणि मी माझ्या आईला ओढत घरात नेत होतो.

आता मी जाताना बाहेरून कुलूप लावतो. किल्ली येल्लव्वाकडे असते. तू हे वाचून काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून म्हणू नकोस.

अण्णा


बेंगळूर, २२ फेब्रुवारी २०२५

नीरजा,

तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. ती चिठ्ठी एका ओळीहून मोठी आहे, प्रगती म्हणायची. बेळ्ळंदूरच्या त्या घरात एक खोली रिकामी होते आहे आणि मार्चअखेर सांगायला हवं, हे वाचलं. तिथे दिवसरात्र माणूस असतो, कुलूप लावावं लागत नाही, हेही वाचलं. शेवटची ओळ तू मला बोचावी म्हणूनच लिहिलीस आणि ती बोचली.

आईला मी डॉक्टरांना दाखवलं. डोळ्यांच्या. तुझ्या कार्डावरच्या नाही. म्हटलं, दिव्यांचा त्रास म्हणजे आधी डोळेच बघावेत. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, डोळे तिच्या वयाच्या मानाने छान आहेत. पुढे आणखी काही म्हणाले, दुसऱ्या कोणाला तरी दाखवा असं. मी तोपर्यंत चपला घालत होतो.

आता मुद्द्याचं. मला दिवा सापडला आहे. चिकपेटात सगळीकडे जुने पिवळे बल्ब मागून दमलो. जो तो म्हणतो, "अदु ईग बरल्ल सार," ते आता येत नाहीत. शेवटी एका बोळातल्या दुकानात म्हाताऱ्या शेट्टींनी एक बल्ब लावून दाखवला. आहे एलईडीच, पण सगळा काचेचा, आत तारा असाव्यात तशा पिवळ्या काड्या, आणि उजेड खाली, वर, बाजूला, सगळीकडे पडतो. बूडही खाचेतलं. टोचत नाही, कारण जुन्या चाळीस वॅटच्या बल्बाएवढाच उजेड आहे. दुकानातल्या छताचं जळमट त्याच्या उजेडात दिसलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की शेट्टी माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्याकडे होते तेवढे सगळे घेतले.

उद्या सुट्टी आहे. सगळ्या घरात लावतो, जिन्यातसुद्धा. आता माझी तुझी पैज. हे दिवे लागल्यावर आईने पिशवी भरायची थांबवली, तर दोष दिव्यांचा होता, आईचा नव्हता, आणि ती इथेच राहील, जन्मभर. त्या खोलीचं नाव तू पुन्हा काढायचं नाही. आणि पिशवी भरतच राहिली, तर तू म्हणशील तिथे मी तिला स्वतः आणून सोडीन. मी शब्दाचा पक्का आहे हे तू एरवी तक्रारीच्या सुरात सांगतेस, आता उपयोगाला येईल.

अण्णा


बेंगळूर, ३ मार्च

नीरू,

पैज मी जिंकलो.

पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारभर दिवे लावत होतो. प्रत्येक होल्डर पुसला, सैल होते त्यांच्या पट्ट्या वर केल्या. संध्याकाळ झाल्यावर बैठकीतला शेवटचा लावला आणि स्टुलावरूनच येल्लव्वाला म्हटलं, मेन चालू कर. तिने केला. एकही दिवा फडफडला नाही, एकही मिणमिणला नाही. आपली बैठक जशी होती तशी परत आली. वरच्या भिंतीपर्यंत उजेड गेला, बाबांचा फोटो दिसला. आई पिशवी घेऊन दाराशीच बसली होती. तिने वर बघितलं, मग भिंतीकडे, मग कोपऱ्यातल्या शिवणयंत्राकडे. उठली. पिशवी उघडून साडी कपाटात ठेवली, टॉवेल दोरीवर टाकला, बाबांचा चष्मा फोटोखाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडून गल्ली गोळा करावी.

मग ती माझ्या स्टुलापाशी आली आणि वर बघून म्हणाली, "आय्ता? सरी. इळिदु बन्नि, स्वल्प काफी कुडीरि."

झालं का, बरं, उतरून या, थोडी कॉफी घ्या. कन्नडमध्ये. तुला सांगायला नको, आईची कन्नड उंबऱ्याबाहेरची. भाजीवाली, पोस्टमन, गॅसवाला, मीटर बघायला आलेला माणूस, ह्यांच्यासाठी. घरच्या माणसाशी ती कधी, रागातसुद्धा, कन्नड बोललेली मी ऐकली नाही. मला वाटलं, ती येल्लव्वाशी बोलते आहे. पण येल्लव्वा तर मागे होती, आणि आईचे डोळे माझ्या हातातल्या टेस्टरवर होते.

मी उतरलो. म्हटलं, आई, मी गुंडू. ती हसली. परक्या माणसाने उगीच थट्टा केली तर बायका जेवढ्यास तेवढं हसतात, तशी हसली. कन्नडमध्येच म्हणाली, माझा मुलगा ड्यूटीवर गेलाय, तो आला की त्याला सांगते, काम नीट केलंत म्हणून. कॉफी तिने स्वतः केली. पाहुण्यांच्या पेल्यात दिली आणि समोर लांब बसून राहिली, मी पिऊन जाईपर्यंत. नीरू, कॉफी चांगली झाली होती. साखरसुद्धा बरोबर होती.

मी काय करणार? तिच्याशी कन्नडमध्ये बोललो. विचारलं, घरात कोण कोण असतं अम्मा? म्हणाली, मुलगा आहे आणि मुलगी आहे. मुलगी नीरजा, तिकडे लांब बेळ्ळंदूरला असते, मोठ्या कंपनीत आहे. ती येणार आहे, तिला कमी उजेडात वाचायची खोड, म्हणून दिवे नीट लावून घेतले. तुझ्या चष्म्याचा नंबरही तिने मला सांगितला. मी तिच्यासमोर बसून तुझं कौतुक ऐकत होतो. खोटं कशाला लिहू, मला तुझा राग आला. तू चार महिन्यांत एकदा आली नाहीस आणि तुझा चष्मा तिला आठवतो. मी तिला न्हाऊ घालतो, जेवू घालतो, आणि मी वायरमन. रात्री मी मोरीत नळ सोडून रडलो.

मला वाटलं, सकाळी ठीक होईल. सकाळी होते ठीक, थोडी. उन्हात ती मला कधी गुंडू म्हणते, कधी नुसतीच बघते. पण संध्याकाळी हे दिवे लागले की तिचं घर तिला सापडतं आणि मी त्यात मावत नाही. परवा ती येल्लव्वाच्या कानात म्हणाली, हा माणूस अजून का गेला नाही, बाईमाणूस एकटी आहे घरात, त्याला जायला सांग. तिला भीती वाटत होती. माझी.

म्हणून आता असं ठरवलंय. दिवे लागले की मी टेस्टर आणि पक्कड घेतो, "बरला अम्मा," येतो म्हणून सांगतो, आणि खाली जिन्यात जाऊन बसतो. ती मला दारापर्यंत पोचवते आणि कडी लावते. येल्लव्वा तिला जेवू घालते, झोपवते, मग मला वर बोलावते. हे पत्रही मी जिन्यातच बसून लिहितो आहे. इथला दिवाही आता पिवळा आहे. जिना चढणाऱ्या माणसाला बरं वाटेल असा.

मी म्हणत होतो ते खरं निघालं, ती पांढऱ्या उजेडाला भीत होती. तू म्हणत होतीस तेही खरं निघालं. दोन्ही खरं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी दिव्यांच्या मागे लागलो, कारण दिवे मला दुरुस्त करता येतात.

कार्डावरच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. येत्या सोमवारी. त्या खोलीबद्दलही बोलू. मी पैज जिंकलो असलो तरी बोलू, आणि जेवणाच्या ताटावरून उठून जाणार नाही. तिथे घेऊन जायचंच ठरलं तर तिथले दिवे आधी मी बदलीन, एवढं त्या लोकांना विचारून ठेव.

पण त्याआधी एकदा ये. दिवसा नको, दिवे लागल्यावर ये. मी जिन्यात बसलेला असेन. तू कडी वाजव, ती तुला ओळखेल, याबद्दल मला जराही शंका नाही. मग मला हाताला धरून आत ने, तिच्यासमोर मला अण्णा म्हणून हाक मार, आणि हा आपला गुंडू आहे असं तिला सांग. मी सांगून पाहिलं, येल्लव्वाने सांगून पाहिलं. तिला आमचं पटत नाही. तुझं पटेल.

अण्णा